आलावा प्रांतांतील बास्क बोलीचीं साधनें

पिरिनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशीं बोलली जाणारी बास्क भाषा कोणत्याहि हयात भाषेची सगोत्र ठरलेली नाहीं, हें सर्वश्रुत आहे. तिच्या पोटभाषांचा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा चर्चिला गेलेला नाहीं.

प्रिन्स लुई-ल्युसियां बोनापार्त यानें १८६३ च्या आपल्या नकाशांत आठ पोटभाषा दाखविल्या. त्यांत आलावा प्रांताची स्वतंत्र बोली नाहीं. तो त्याचा दोष नव्हे. प्रांताच्या बहुतेक भागांतून बास्क तोंवर लोपली होती. ती बोली कळते ती मुख्यत्वें दोन हस्तलिखितांवरून. पहिलें, निकोलाओ लांडुच्ची या इटालियन गृहस्थाच्या नांवावर असलेला १५६२ चा कोश. तो १९५८ त आगुद व मिचेलेना यांनीं प्रसिद्ध केला. दुसरें, लार्रेआ येथील सरदार होआन पेरेस दे लासार्रागा याचें सोळाव्या शतकांतील बाड. त्यांत मेंढपाळांची एक प्रेमकथा व कविता आहेत. तें २००४ पर्यंत अभ्यासकांस अज्ञातच होतें! दोन्हींतील बोली पश्चिमेकडील बास्कशीं जवळची आहे.

या साधनांचें महत्त्व प्रांतापुरतें नाहीं. मिचेलेना यांनीं १९८१ त असें प्रतिपादिलें कीं, सर्व बोलींत समान नवे विकार इतके आहेत कीं त्यांचा फाटा रोमन अंमलानंतरच फुटला असावा. पुढें कोल्दो सुआसो यांनीं बोलीभेदांचा उगम मध्ययुगांत धरून व्हितोरिया व पाम्प्लोना या नगरांस विशेष महत्त्व दिलें. व्हितोरिया आलावांतच असल्यानें तेथील प्रत्येक जुनें पान मोलाचें ठरतें.

अशी टंचाई असली कीं बनावटीस वाव मिळतो. व्हितोरियानजीकच्या इरुन्या-वेलेया येथें तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे बास्क लेख असलेलीं खापरें सांपडल्याचें २००६ त जाहीर झालें. तोंवर सान मिल्यानच्या हस्तलिखितांतील दहाव्या-अकराव्या शतकांचीं दोन टिपणें सर्वांत जुनीं बास्क वाक्यें मानलीं जात. पण खापरांवरील शब्दांस अन्तीं निश्चयवाचक 'आ' जोडलेला होता. हा प्रत्यय दर्शक सर्वनामापासून पुढील काळीं झाला. रोमन काळच्या अस्सल आक्वितानी नामांत तो आढळत नाहीं. शिवाय कांहीं लेखांत स्वल्पविराम! २००८ त तज्ज्ञमंडळानें ते लेख अर्वाचीन ठरविले, व २०२० त व्हितोरिया येथील न्यायालयानें उत्खननाच्या प्रमुखास दोषी धरलें. उत्खननांत निघालें एवढ्यावरून लेख अस्सल ठरत नाहीं. येथें त्यांचें व्याकरणच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतें.