स्थिर पृष्ठ आणि प्रवाही संहिता : बेने इस्रायलांचा हग्गादा

संहितेचा विचार करताना पृष्ठरचना ही मुद्रकाची बाब मानून समीक्षा ती सहसा बाजूला ठेवते. ईपुस्तकाने हा प्रश्न पुन्हा उभा केला आहे. 1993 साली आलेल्या पीडीएफमध्ये पृष्ठ अचल असते. 2007 साली प्रमाणित झालेल्या ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या मापानुसार नव्याने वाहतो. मात्र हा भेद केवळ यंत्राने निर्माण केलेला नाही. हस्तलिखित पोथीतही लेखनिकागणिक ओळ आणि पान बदलत असे. ज्ञानेश्वरीचा निर्देश पानाने न होता अध्याय व ओवी यांच्या क्रमांकाने होतो. पृष्ठ बदलले तरी ओवीचा पत्ता बदलत नाही. या अर्थाने ती संहिता मुळातच प्रवाही आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण रायगडच्या किनाऱ्याशी नाते सांगणाऱ्या समाजाने मराठीला दिले आहे. अलिबागजवळच्या नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर झाले. त्यांची मातृभाषा मराठी होती; हिब्रूचे शिक्षण एकोणिसाव्या शतकात वाढले. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण 1832 सालचे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये शिळाछापावर निघाला.

शिळाछापाला खिळे लागत नाहीत. त्यामुळे उजवीकडून चालणारी हिब्रू, डावीकडून चालणारी देवनागरी आणि चित्रे हाताने एकाच पृष्ठावर मांडता आली. पुणे आवृत्तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा मुलांना सांगणे हा या विधीचा गाभा आहे. ती मुलांना कळली नाही तर विधी अपुरा राहतो. म्हणून हिब्रूशेजारी आलेली मराठी ही केवळ सोय नाही. एक भाषा पठणाची, दुसरी आकलनाची. दोन्ही एकाच वेळी दृष्टीसमोर असणे हाच त्या पृष्ठाचा आशय आहे.

प्रवाही मांडणी नेमके हे सहअस्तित्व मोडते. अरुंद पडद्यावर दोन मजकुरांना एकामागून एक यावे लागते. कोणीतरी आधी, कोणीतरी नंतर. शिवाय ईपब ग्रंथाला पाने उलटण्याची एकच दिशा जाहीर करावी लागते. हिब्रू मूळ आणि मराठी तिची अनुचर, किंवा याच्या उलट, असा क्रम जुन्या पृष्ठाने लादला नव्हता. तो आता संपादकाला ठरवावा लागतो. 2012 साली ईपबमध्ये स्थिर मांडणीची तरतूद झाली ती अशाच ग्रंथांच्या गरजेतून. परंतु स्थिर पृष्ठाची किंमतही लहान नाही. अक्षर मोठे करता येते, पण मग पान पडद्यात मावत नाही. आणि नुसत्या छायाचित्रित पानात शब्द शोधता येत नाही, दृष्टिहीनाला ते ऐकता येत नाही. आकलनासाठीच पृष्ठावर आलेली मराठी अशा वेळी केवळ दर्शनीय वस्तू होऊन उरते.

यास्तव दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न चुकीचा ठरतो. संहितेतील कोणते संबंध क्रमांकाने टिकतात आणि कोणते केवळ शेजाराने, हे आधी ठरवावे लागते. ओवी पहिल्या प्रकारात मोडते. हग्गाद्याचे पान दुसऱ्या. ही निवड तंत्रज्ञाची म्हणून सोडून देता येत नाही. ती अन्वयार्थाची निवड आहे, आणि म्हणून समीक्षेची.