शीवेवरचा जोडा: कामाचा बूट कोण शिवतं?

आजचा भाग आमच्या दादाच्या बुटामुळे होतोय, त्यामुळे पहिले आभार त्या बुटाचे.

दादा वेल्डर आहे. शिवडीला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये. गेल्या वर्षी मीच मोठेपणाने त्याला ऑनलाइन सेफ्टी शूज मागवून दिले, सेलमध्ये, साडेआठशे रुपयांत. पुढे स्टीलची टोपी, काळं चकचकीत, एकदम दणकट दिसणारं काम. जूनमध्ये किंग्ज सर्कलला गुडघाभर पाणी भरलं आणि दादा त्यातून घरी आला तेव्हा उजव्या बुटाचा सोल त्याच्या हातात होता. सोल उसवला नव्हता, त्याचा भुगा झाला होता. चहात बुडवलेल्या खारीसारखा. आई म्हणाली, "पाय कापला नाही ना?" कापला होता. अंगठ्याखाली, पत्र्याने.

मुंबईत पावसाच्या पाण्यात कापलेला पाय म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या साथीने शहरातले वॉर्ड भरले. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून आत शिरतात. दादाला आम्ही त्याच रात्री शीवच्या टिळक रुग्णालयात नेलं, गोळ्या मिळाल्या, काही झालं नाही. पण मला रात्रभर झोप नव्हती. बूट मी घेतला होता ना.

मग ठरवलं की पुढचा बूट नीट बघून घ्यायचा. इथेच बनलेला, टिकणारा, आणि दादाच्या पगाराला झेपणारा. आणि आपण राहतो कुठे? शीवला. रेल्वे ओलांडली की धारावी, देशातला एवढा नावाजलेला चामड्याचा बाजार. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. दोन महिने लागले.

आधी नावापासून सुरू करतो. 'सायन' हे इंग्रजांच्या जिभेवरचं रूप. मूळ शब्द शीव, म्हणजे हद्द. मुंबईचं बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. म्हणून तर टेकडीवर किल्ला आहे, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना बांधलेला. कॉलेजात असताना आपण तिथे काय करायला जायचो ते सोडा.

आता गावगाड्यात शिवेवर काय असायचं ते आठवा. ज्या कामाशिवाय गावाचं चालत नाही पण जे गावाला डोळ्यांसमोर नको असतं, ते काम. मेलेलं जनावर ओढायचं एकाने, कातडं कमवायचं ढोर समाजाने, वहाणा आणि मोटा शिवायच्या चांभाराने. मोबदला म्हणजे बलुतं, सुगीला मिळणारं धान्य. रास्त भाव कोण ठरवायचं? ज्याच्या घरी धान्य आहे तो. आणि अनेक गावांत, ज्याने तो जोडा शिवला त्यालाच वरच्या आळीतून जाताना आपली पायताणं काढून हातात घ्यावी लागत. हे मला शाळेच्या पुस्तकाने नाही, आजीने सांगितलं.

मुंबईने तेच केलं, फक्त मोठ्या मापाने. शहर वाढलं तशी वासाची कामं उत्तरेला ढकलली गेली. कत्तलखाना वांद्र्याला होता, म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस टॅनऱ्या धारावीच्या दलदलीकडे सरकल्या. तिरुनेलवेलीकडचे तमिळ कामगार आले, सोलापूर-साताऱ्याकडचे ढोर आणि चर्मकार आले. आजही धारावीत संत कक्कय्यांच्या आणि संत रोहिदासांच्या नावाचे रस्ते आहेत. कातडं चुन्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरू द्यायचं. आठवडेच्या आठवडे. कमावणं हा शब्दच बघा, कातडं कमावतात, शरीर कमावतात आणि पैसेही कमावतात.

आता माझा मूळ प्रश्न. एवढं कातडं इथे कमावलं जात होतं, तर कामाचा बूट कुठे होता?

उत्तर असं की बूट होता, पण कामगाराचा नव्हता. बूट फौजेचा होता. १८५७ नंतर इंग्रजांनी कानपूरला खोगीर आणि चामड्याच्या सामानाचा सरकारी कारखाना काढला, पुढे तिथेच कूपर अ‍ॅलन कंपनी सैन्यासाठी बूट बनवू लागली. कानपूर चामड्याचं शहर झालं ते फौजेच्या ऑर्डरवर. आणि पहिल्या महायुद्धात मद्रास आणि मुंबई इलाख्यातली कमावलेली कातडी जहाजं भरून इंग्लंडला गेली, टॉमीच्या बुटाचा वरचा भाग करायला. म्हणजे खंदकातल्या सैनिकाच्या पायात आपल्याकडचं कातडं होतं. त्याच वेळी परळ-लालबागच्या गिरण्यांत साचेखात्यात माणसं अनवाणी उभी होती. माझे पणजोबा त्यातलेच. त्यांचा एकच फोटो आहे घरात, डोक्याला टोपी, अंगात कोट, पायात काही नाही.

इथे मला स्वदेशी चळवळीबद्दल थोडी तक्रार आहे. स्वदेशी म्हटलं की आपल्याला कापड आठवतं, काच आठवते, तळेगावचा पैसा फंड कारखाना आठवतो. जोडा आठवत नाही. कलकत्त्यात डॉ. नीलरतन सरकार यांनी नॅशनल टॅनरी काढली, स्वतः डॉक्टर असून. आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या भाषणांत सूत जितकं आहे तितकं चामडं नाही. माझं मत विचाराल तर कारण सरळ आहे, सुताला हात लावला तर विटाळ होत नव्हता.

जरा बाहेर जाऊ या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लिन नावाचं बुटांचं गाव होतं. शिलाईची यंत्रं आली होती, पण एक काम हातानेच व्हायचं, बुटाचं वरचं चामडं लाकडी फरम्यावर ओढून तळाला ठोकणं. चांगला कारागीर दिवसाला साधारण ५० जोड करायचा. तिथे यान मात्झेलिगर नावाचा सुरिनाममधून आलेला कृष्णवर्णीय मुलगा कारखान्यात काम करत होता. रात्री बसून त्याने फरम्यावर चामडं ओढणारं यंत्र बनवलं, १८८३ मध्ये पेटंट मिळालं. दिवसाला काहीशे जोड निघू लागले आणि बूट स्वस्त झाले. तो स्वतः १८८९ मध्ये क्षयाने गेला, वय ३६. त्याच्या यंत्रामुळे साध्या माणसाला बूट परवडला. आपल्याकडे ते वळण यायला खूप वेळ लागला. १९३० च्या दशकात बाटा कलकत्त्याजवळ आली, बाटानगर वसलं, तेव्हा कुठे कारखान्यातला स्वस्त जोडा गावोगाव दिसू लागला.

बरं, परत धारावी.

नव्वद फुटी रोड, मग लिंक रोडची दुकानं. बॅगा, पट्टे, पाकिटं, जॅकेटं, एकाहून एक सुंदर. सगळं मागच्या गल्ल्यांत बनलेलं. मी विचारायचो, "वेल्डरसाठी बूट?" आणि सगळीकडे तेच, आतून एक खोका यायचा, त्यावर कानपूर, आग्रा किंवा तमिळनाडूचा पत्ता. देशी माल होता, नाही असं नाही. पण शीवेवरचा नव्हता. एका दुकानदाराने तर मलाच समजावलं, "भाऊ, बॅगेत मार्जिन आहे. बुटाला चाळीस फरमे लागतात, मापं लागतात, मशीन लागतं. कोण करणार?"

आणि टॅनऱ्या? त्याही गेल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कत्तलखाना देवनारला हलला, मग प्रदूषणाचे नियम आले आणि धारावीतलं कमावण्याचं काम हळूहळू थांबलं. कातडं आता चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार होऊन येतं. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीचं कातडं तेवढं राहिलं. सरकारने १९७४ मध्ये चर्मोद्योग महामंडळ काढलं होतं, आज ते संत रोहिदासांच्या नावाने आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळालं आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशीच चप्पल दाखवली तेव्हा आपण सगळे केवढे चिडलो, मीही स्टोरी टाकली होती. दादाच्या बुटावर कुणी स्टोरी टाकत नाही.

शेवटी एक काका भेटले. मूळचे साताऱ्याकडचे, चर्मकार, सत्तरीचे. दहा बाय दहाची खोली, रापी, आरी, भिंतीवर टांगलेले फरमे. मी दादाचा फुटका बूट सोबत नेला होता. त्यांनी तो नाकाजवळ नेला, वास घेतला आणि हसले.

"हा दुकानात मेला, बाळा. पायात नाही."

म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं. सोल पीयूचा होता. पीयू हलका असतो, मऊ असतो, पण दमट हवेत पडून राहिला की आतल्या आत विघटन होतं, न वापरताच. आपल्या मुंबईच्या हवेत तर बघायलाच नको. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला माल सेलमध्ये निघतो आणि पहिल्या पावसात भुगा. सेफ्टी शूजवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, तेवढं बघायचं होतं. मी आयएसआयचा शिक्काही बघितला नव्हता. आयएस १५२९८ भाग २ असा नंबर असेल तर पुढची टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचतात. तो शिक्का नसेल तर ती टोपी नुसता डबा. आणि वरचं चामडं? काकांनी नखाने खरवडून दाखवलं. कातड्याचा वरचा ग्रेनचा थर नव्हताच, खालचा स्प्लिट होता, त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा.

मी विचारलं, "काका, तुम्ही कराल का एक?"

"स्टीलची टोपी मी नाही बसवत. त्याची परीक्षा कोण घेणार? उद्या भावाच्या पायावर गर्डर पडला तर?" हे ऐकून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ते म्हणाले, बूट शिक्क्याचा घे, म्हशीच्या ग्रेन चामड्याचा, नायट्राइल रबराच्या सोलचा, आणि बघ की सोल नुसता चिकटवलेला नाही, शिवलेला आहे. मग आण माझ्याकडे. वर्षा-दोन वर्षांनी सोल झिजला की टाके उसवून नवा बसवतो. वरचं चामडं पाच वर्षं कुठे जात नाही.

बूट मिळाला, तिथल्याच एका दुकानात, कानपूरचा, दोन हजार शंभरला. दादाने आधी किंमत ऐकून शिव्या घातल्या. मग मी हिशेब मांडला, साडेआठशेचा बूट एक पावसाळा, हा पाच, मध्ये दोनदा सोलचे काकांचे पैसे. तो गप्प बसला. खरं तर हे पैसे दादाने द्यायचेच नाहीत. पायाचं संरक्षण देणं मालकाचं काम आहे. बांधकाम मजुरांना कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचात बूट मिळतात, पण त्यासाठी नोंदणी लागते, आणि दादाच्या वर्कशॉपसारख्या पाच-सात माणसांच्या जागेत मालक म्हणतो, "चप्पल घालून ये ना."

गेल्या महिन्यात सोल बदलायची वेळ आली. काकांनी मजुरी सांगितली तीनशे. दादा सवयीने म्हणाला, "काका, अडीचशे करा." काकांनी मान वर न करता विचारलं, "तू वेल्डिंगचा एक जोड कितीला मारतोस?" दादाने तीनशे दिले.

काकांचा मुलगा कुरियरमध्ये आहे. फरमे कुणाकडे जाणार, मी विचारलं नाही. धारावीचा पुनर्विकास होणार आहे, त्या गल्लीवरही क्रमांक टाकून गेलेत. तोवर पत्ता हवा असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून कळवतो. आणि आपल्या बुटावरचा महिना-वर्ष आजच बघा. भेटू पुढच्या भागात.