तोतयेपणाची भावना आणि तिचे मापन

‘तोतया’ म्हटले की मराठी वाचकास पानिपतानंतर (१७६१) भाऊसाहेबांचे सोंग घेऊन पुढे आलेला इसम आठवतो. आपण खोटे असून लोकांस खरे वाटावे, हीच त्याची धडपड होती. मानसशास्त्रज्ञांनी ज्या तोतयेपणाचा विचार केला आहे, तो याच्या नेमका उलट होय. येथे कर्तृत्व खरे असते व ते लोकांस मान्यही असते. ज्याचे त्यालाच तेवढे ते पटत नाही, आणि आपले बिंग आज ना उद्या फुटणार, या धास्तीत तो वावरतो.

या अवस्थेचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील पॉलीन क्लान्स व सुझान आइम्स या विदुषींनी १९७८ साली प्रथम केले. त्यास आधार होता दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या निकट परिचयाचा. त्या निबंधात कोष्टके नाहीत, माणसे आहेत. मापनाचा प्रवेश पुढे झाला. जोन हार्वी यांनी १९८१ च्या आपल्या प्रबंधासाठी चौदा विधानांची श्रेणी रचली. क्लान्स यांची वीस विधानांची श्रेणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक विधानास एक ते पाच गुण, म्हणजे एकूण २० ते १००. ८० च्या वर गेल्यास भावना अतितीव्र समजावयाची. हार्वी यांनी काही विधाने उलट अर्थाची योजिली होती. क्लान्स यांच्या श्रेणीत मात्र प्रत्येक होकार गुण वाढवितो. तेव्हा कशालाही मान डोलावणारा मनुष्यही तीत तोतया ठरू शकेल!

कोलिजियन व स्टर्नबर्ग यांनी १९९१ मध्ये एक्कावन्न विधाने वापरली. मार्क लीअरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ती सातांवर आणली. परंतु लीअरींचे महत्त्व या संक्षेपात नाही. त्यांच्या प्रयोगांत असे आढळले की, स्वतःच्या कामगिरीविषयीचा अंदाज इतरांस कळणार असला, की ही भावना प्रबळ असणारे लोक तो कमी सांगत. तो गुप्त राहणार असला, की हा फरक उरत नसे. म्हणजे ‘मी अपात्र आहे’ हे म्हणणे काही अंशी तरी श्रोत्यांसाठी असते. प्रश्नावली ही स्वतःच एक श्रोता आहे, ही अडचण विधाने वाढवून वा घटवून सुटणारी नव्हे.

याखेरीज सीमारेषेचा वाद आहेच. १९९३ मध्ये होम्स व इतरांनी क्लान्स यांच्या श्रेणीसाठी ६२ हा गुणांक सुचविला. इतर अभ्यासकांनी अन्य अंक योजिले. २०२० च्या एका समालोचनात बासष्ट अभ्यास (हा अंकांचा निव्वळ योगायोग) आणि चौदा हजारांवर व्यक्ती विचारात घेण्यात आल्या, तेव्हा या भावनेचे प्रमाण कोठे शेकडा ९, तर कोठे ८२ भरले. समालोचकांनी या तफावतीचा संबंध मुख्यतः कोणती श्रेणी वापरली व रेषा कोठे ओढली, याच्याशी जोडला आहे.