फॅरेडेची मेणबत्ती आणि आपलं भाषण

मागच्या महिन्यात एका शाळेत मी थेट माझा प्रबंधच सांगत सुटलो. पाच मिनिटांत मुलांची नजर खिडकीबाहेर! चूक विषय निवडण्यातच होती.

मायकेल फॅरेडे बघा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांना त्याने १८४८ मध्ये विषय घेतला मेणबत्ती. १८६० मध्ये पुन्हा तोच. वितळलेलं मेण वातीत चढतं कसं, इथून सुरुवात. ज्योतीतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, हे प्रयोगाने दाखवायचं. शेवट आपल्या श्वासावर, कारण तिथेही एक प्रकारचं ज्वलनच. तयारी मात्र जुनी: १८१३ मध्ये, एकविसाव्या वर्षीच, व्याख्यान कसं असावं यावर तो मित्राला पत्रं लिहीत होता.

आता मी आधी विचारतो, माझ्या विषयातलं काय ऐकणाऱ्यांच्या घरात आहे? तुम्हीही विचारून बघा.