होम मैदानावर उतरताना

वळसंगच्या फाट्यावर सोलापूरची एसटी धरा. जानेवारीचा दुसरा आठवडा आहे, रानात ज्वारी हुरड्यावर आलीय. पुढच्या बाकावरच्या दोन आज्या आपसात कन्नड बोलतात आणि कंडक्टरकडं तिकीट मराठीत मागतात. निघालेत सगळे गड्ड्याला, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला.

गाव सोडण्याआधी मात्र 1937 सालात उतरा. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना घागर बुडवू देत नव्हते, त्यांनी इथं स्वतःची विहीर केलीय आणि तिच्या उद्घाटनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आलेत. गर्दीत मागं राहू नका, काठाशी या. या पाण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. वळसंगला आलेल्यानं पहिल्यांदा हेच ठिकाण बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी सात वर्षं मागं जा. मे 1930, सोलापूर. उन्हानं डांबर वितळतंय. नगरपालिकेवर एप्रिलमध्येच तिरंगा चढलाय, आता गांधीजींच्या अटकेची बातमी आलीय. 8 मे रोजी गोळीबार होतो, शंकर शिवदारे पडतात. पुढचे तीन दिवस, 9 ते 11 मे, शहरात इंग्रजांचा अंमलच नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभं राहून रहदारी सांभाळतायत. तुम्ही त्यांच्यातल्या एखाद्याला रस्ता विचारा, तो सांगेल. 12 मेला मार्शल लॉ लागतो आणि हे सगळं संपतं. याच घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. एकाच शहराचे चौघे. त्यांचे पुतळे पार्क चौकात आहेत, यात्रेच्या होम मैदानापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. फाशीची तारीखही जानेवारीतलीच, त्यामुळं दरवर्षी हुतात्मा दिन आणि गड्डा एकाच आठवड्यात येतात. सोलापूरकराला यात काही विसंगत वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही. ज्या मातीवर गाव खेळतं, नवस फेडतं, तिच्याच शेजारी त्यानं आपली मेलेली माणसंही ठेवावीत.

आयर्लंडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. 21 नोव्हेंबर 1920 ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर त्यांच्या मातीतला गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिशांच्या दलांनी गोळ्या झाडल्या. 14 जणांचा जीव गेला. त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. आजही त्या मैदानाचा एक स्टँड त्याच्याच नावानं ओळखतात.

आता सोलापूरला परत या आणि बाराव्या शतकापर्यंत खाली जा. शहर नाही, गिरण्यांची धुराडी नाहीत, भुईकोट किल्लाही नाही. सोन्नलगी नावाचं गाव आणि तळं खोदणारी माणसं. ज्यांची ही यात्रा, ते सिद्धराम त्यांच्यात आहेत. त्यांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापली. एका कुंभारकन्येला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. त्यांनी आपला योगदंड पुढं केला आणि तिचं लग्न त्या योगदंडाशी लागलं, अशी कथा आहे. भोगीला संमती कट्ट्यावर अजून त्याच लग्नाच्या अक्षता पडतात, संक्रांतीला होम होतो.

त्या होमाच्या संध्याकाळी वर या, आजच्या मैदानावर. पाळण्यांचे दिवे, भजीच्या तेलाचा वास, आणि गर्दी एकदम बाजूला सरकते: नंदीध्वज आले. पांढरी बाराबंदी, धोतर, फेटा. सात ध्वज, प्रत्येक म्हणजे दोन मजली घराहून उंच कळक, आणि तो एका वेळी एकानंच पेलायचा. अगदी जवळ उभं राहून बघा. काठीचा बुंधा कमरेशी टेकलेला, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, नजर सतत वर शेंड्याकडं. पाय पुढं पडतात ते शेंडा झुकेल त्या बाजूला. होमाच्या दिवशी पहिल्या ध्वजाला नागफणी बांधतात, मग तोल आणखी कठीण होतो. यासाठी पोरांनी आधी कितीतरी रात्री सराव केलाय. मैदानी खेळाला जे काही लागतं, दम, तोल, साथीदारावरचा भरवसा, ते सगळं इथं आहे.

होम पेटतो. मग दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य मांडतात आणि ते कशाला तोंड लावतं यावरून वर्षाची भाकणूक सांगतात. आज्या पुढं घुसल्यात, त्यांना पावसाचं ऐकायचंय. तुमच्या शेजारचा ध्वजधारी दमलाय. दुसऱ्यानं कंबर कसून हात पुढं केलाय, आणि मागून हाळी येते, ‘हर्र बोला हर्र!’