साथी निहाल अहमद : काळ्या फितीपलीकडचा माणूस

महाराष्ट्र विधानसभेच्या विरोधी पक्षनेत्यांची यादी चाळली तर शरद पवार, मृणाल गोरे, मनोहर जोशी, गोपीनाथ मुंडे अशी ओळखीची नावे भेटतात. त्याच यादीत 1986-87 या काळासमोर एक नाव आहे, निहाल अहमद. अख्ख्या यादीत हे एकच मुस्लिम नाव आहे. तरीही मराठी वाचकाला त्यांच्याविषयी विचारले तर बहुतेक जण एवढेच सांगतात : ‘मालेगावचे ना ते? दंडावर काळी फीत बांधायचे.’

फितीची गोष्ट खरी आहे. 6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्याचा निषेध म्हणून निहालसाहेबांनी दंडाला काळी फीत बांधली आणि 29 फेब्रुवारी 2016 रोजी इंतकाल होईपर्यंत ती सोडली नाही. तेवीस वर्षांहून अधिक काळ एकाच निषेधावर ठाम राहणारा नेता सहसा सापडत नाही. पण ही फीत बांधली तेव्हा त्यांच्या राजकारणाला कित्येक दशके उलटून गेली होती. ती दशके मराठीत फारशी नोंदलीच गेली नाहीत, ही माझी तक्रार आहे.

निहालसाहेब समजून घ्यायचे तर आधी मालेगाव समजून घ्यावे लागते. मोसम नदीच्या काठी नारोशंकरांचा भुईकोट किल्ला आणि त्याच्या आसपास वाढलेले हे गाव. 1857 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकले आणि त्यांच्यातले पुष्कळ जण इथे स्थिरावले. हातमाग गेला, यंत्रमाग आला. आज गल्लीगल्लीत मागाचा खडखडाट असतो आणि तो थांबतो जुम्म्याला. या धंद्यात सूत व्यापाऱ्याचे, माग मालकाचा आणि घाम मजुराचा. सुताचा भाव चढला किंवा वीज गेली की पहिला फटका मजुराला बसतो, कारण जितके कापड निघेल तितकीच त्याची मजुरी. माग बंद तर चूल बंद.

अशा गावात समाजवादी विचार रुजला यात नवल नाही. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, मधू दंडवते यांच्या परंपरेतलाच हा मालेगावचा कार्यकर्ता. म्हणूनच त्यांच्या नावाआधी ‘मौलाना’ किंवा ‘हाजी’ लागले नाही, ‘साथी’ लागले. समाजवादी चळवळीतले हे संबोधन मालेगावच्या उर्दूने आपलेसे केले. माग चालवणारा मजूरही त्यांना साथी म्हणू शकत होता.

1978 ते 1999 या काळात मालेगावने त्यांना सलग विधानसभेवर पाठवले. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते मंत्री झाले. डिसेंबर 1986 मध्ये पवार आपला समाजवादी काँग्रेस पक्ष घेऊन काँग्रेसमध्ये परतले. सभागृहातले विरोधी पक्षनेतेपद मोकळे झाले आणि ते जनता पक्षाच्या निहाल अहमद यांच्याकडे आले. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. उर्दू माध्यमाच्या, विणकरांच्या गावातला आमदार साऱ्या महाराष्ट्राच्या वतीने सरकारला जाब विचारत होता. मुस्लिम आमदाराने वक्फ, कब्रस्तान आणि उर्दू शाळा एवढ्यावरच बोलावे, अशी एक अलिखित समजूत आपल्याकडे आहे. दुसरीकडे, ‘सर्वांचा’ नेता व्हायचे तर त्याने आपल्या समाजाच्या दुःखावर गप्प बसावे, अशीही एक अपेक्षा असते. निहालसाहेबांनी दोन्ही नाकारले. वीजदरावर बोलणारा आणि बाबरीसाठी फीत बांधणारा माणूस एकच होता.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. मालेगावात त्यांचा सामना मुख्यतः काँग्रेसशी असे आणि समोरचे मातब्बर उमेदवारही मुस्लिमच असत. 1999 मध्ये त्यांना हरवले ते काँग्रेसच्या शेख रशीद यांनी. म्हणजे मुस्लिमांची मते ‘एकगठ्ठा’ पडतात हा सिद्धांत ज्या गावाकडे बोट दाखवून मांडला जातो, तिथे एकाच मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर दोन पक्ष कायम भांडत आले आहेत.

त्यांची खरी परीक्षा मला पराभवानंतरच्या काळात दिसते. ऑक्टोबर 2001 मध्ये मालेगावात दंगल उसळली. त्याच वर्षाच्या अखेरीस मालेगावची महानगरपालिका झाली. मंत्रिपद आणि विरोधी पक्षनेतेपद भूषवलेला हा वयोवृद्ध नेता नव्या महापालिकेचा पहिला महापौर झाला. पुढारी सहसा नगरपालिकेतून विधानसभेत जातात. हे उलट्या दिशेने आले आणि नळ, गटार, कचरा यांच्या कामाला बसले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण सार्वजनिक काम त्यांच्यासाठी वस्तीतूनच सुरू झाले होते.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती टाळण्याचे कारण नाही. इतकी वर्षे सत्तेच्या आणि विरोधाच्या खुर्चीत राहूनही मालेगावचे रस्ते अरुंद, वस्त्या कोंदट आणि मजूर गरीबच राहिला. घरातली पुढची पिढीही राजकारणात आली. या प्रश्नांसकट त्यांचे चरित्र लिहिले जायला हवे. नुसत्या गुणगानाने मरहूम नेत्याचा मान वाढत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही भाषांची वर्तमानपत्रे रोज समोर असतात, आणि मालेगाव या एकाच गावाची दोन वेगळी चित्रे त्यांत दिसतात. उर्दूत तिथले मुशायरे, शाळा, मदरसे, यंत्रमागाचे प्रश्न येतात. मराठीत गाव येते ते बहुधा दंगल आणि बॉम्बस्फोट यांच्यासोबत. सप्टेंबर 2006 मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मरणारे मालेगावचेच आणि त्या गुन्ह्यात पकडले गेले तेही मुस्लिम तरुणच. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. निहालसाहेब जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हा निकाल ऐकायला ते हवे होते, असे राहून राहून वाटते.

महाराष्ट्राच्या समाजवादी चळवळीवर मराठीत चरित्रे आणि आठवणींची पुष्कळ पुस्तके आहेत. त्या कपाटात मालेगावच्या या साथीची जागा रिकामी आहे. त्यांच्या सभा ऐकलेले, त्यांच्याशी भांडलेले, त्यांच्या विरोधात मत दिलेले वृद्ध विणकर अजून हयात आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या तरुणांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. माग बंद असतो, म्हणून जुम्म्याचा दिवस बरा.