मोरीच्या पाण्याची गोष्ट



परभणीकडच्या एखाद्या गावात पावसाळा सरल्यावर फिरून पाहा. पावसाचे पाणी वाळून जाते. पण न्हाणीतून, मोरीतून बोळात आलेले पाणी काही हटत नाही. आपली काळी जमीन भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडीत नाही. मग तेथे डास वाढतात, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडण जुंपते ते निराळेच. हे पाणी जावे कोठे? हा प्रश्न जुनाच आहे. समुद्रकाठच्या एका लहान वस्तीने त्याचे उत्तर कसे दिले, ते ऐका.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिकडे मुंबई बेटावर माटुंग्याला सन १८९० मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले. म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांचा त्यात पुढाकार होता; वडाळ्याच्या रुग्णालयाला आजही त्यांचेच नाव आहे. घरादाराने ज्यांना बाहेर काढले अशी शेकडो माणसे तेथे राहत. त्यांचे मैलापाणी टाकायचे कोठे?

त्याच सुमारास विलायतेत, एक्झेटर शहरी, डोनाल्ड कॅमेरॉन या अधिकाऱ्याने बंद टाकीची युक्ती काढली होती. मैलापाणी झाकलेल्या टाकीत संथ राहू द्यायचे. जड गाळ तळाशी बसतो. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू तो गाळ कुजवितात, आणि त्यातून जळणारा वायू निघतो. माटुंग्याला अशीच टाकी झाली, आणि सन १८९७ मध्ये तिच्यातला वायू धरून त्यावर दिवे लावले! जगाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीत, सगळ्यांनी नाक मुरडावे अशा वस्तूपासून उजेड पडला. पुढे गावोगाव झालेले गोबर गॅसचे संयंत्र याच तत्त्वावर चालते, बरे का.

आता म्हणाल, ही मुंबईची गोष्ट, आमचे काय? तर आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यात, टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तेथील लोकांनी उघड्या गटारांऐवजी घरोघर शोषखड्डे केले. डास हटले, बोळ कोरडे झाले. सन २०१५ च्या सुमारास ही रीत 'नांदेड पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजली.

दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: आधी गाळ बसू द्या, मग उरलेले काम जंतूंवर आणि मातीवर सोपवा. म्हणून शोषखड्ड्याआधी राख, खरकटे आणि तेलकटपणा अडविणारे लहान कुंड हवे. नाहीतर खड्डा लवकरच तुंबतो. काळी माती खोल असेल तेथे मुरूम लागेपर्यंत खणावे. खड्डा विहिरीपासून, आडापासून दूर असावा, आणि त्यात फक्त न्हाणीचे व स्वयंपाकाचे पाणी सोडावे. संडासाचे कधीही नाही.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करा. भांडी घासलेले पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी मुलांना वरचे पाणी आणि तळाचा गाळ दाखवा. माटुंग्याची निम्मी विद्या त्यांना तेथेच कळेल.

गटार खणले की आपली घाण फक्त शेजाऱ्याच्या दारी जाते. आपल्या घरचे पाणी आपल्याच अंगणात जिरविणे, हा खरा शेजारधर्म होय.